भाकीत खरे ठरले, म्हणून हक्क सिद्ध झाला काय?



आपल्या वस्त्यांतून अधूनमधून काही सद्गृहस्थ छापील पत्रके वाटीत फिरतात. बोलणे आर्जवी असते, काखेत पुस्तक असते, आणि या घराने नुकताच जुना धर्म सोडला आहे हे त्यांनी दारावरूनच ताडलेले असते. त्यांच्या बोलण्यात एक मुद्दा हटकून येतो. ज्यू लोकांची देशोदेशी पांगापांग होईल आणि शेवटी ते आपल्या भूमीत परत येतील, असे बायबलात अडीच हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले आहे. १४ मे १९४८ रोजी इस्रायलचे राज्य स्थापन झाले, म्हणजे ते लिहिणे अक्षरशः खरे ठरले. तर मग ज्या ग्रंथाचे एवढे मोठे भाकीत खरे ठरते तो ईश्वराचा शब्द नव्हे, असे तुम्ही कशाच्या जोरावर म्हणता?

या प्रश्नापुढे घरातली शिकलेली मुलेसुद्धा गप्प बसतात. काही जण हसण्यावारी नेतात. दोन्ही गोष्टी बऱ्या नव्हेत. गप्प बसावे असा हा मुद्दा अवघड नाही. आणि हसण्यावारी न्यावा असाही नाही, कारण त्या भाकितांच्या मागे एका छळलेल्या जनतेचे अडीच हजार वर्षांचे रडणे आहे. म्हणून आज आपण हा विषय जरा सावकाश, उलगडून पाहू.

प्रथम एक गोष्ट लक्षात घ्या. वरच्या बोलण्यात दोन मुद्दे एकात एक गुंडाळलेले आहेत. पहिला उघड आहे: भाकीत खरे ठरले, म्हणून ग्रंथ खरा. दुसरा हळूच पुढे सरकवला जातो: ग्रंथ खरा, म्हणून ती भूमी त्या लोकांचीच, तेथे पूर्वीपासून कोणीही राहात असो. या दुसऱ्या मुद्द्याविषयी वाचकांना फार सांगायला नको. ग्रंथात लिहिले आहे एवढ्या एका आधारावर कोणी गावात राहायचे, कोणी गावकुसाबाहेर राहायचे, कोणी पाणवठ्यावर जायचे आणि कोणी नाही, हे ज्यांच्या आजा-पणजांच्या बाबतीत ठरविले गेले, त्यांना या तर्काची चाल ओळखीची आहे.

आता ही भाकिते कोणी, केव्हा आणि कोणत्या प्रसंगी केली ते पाहा.

इ. स. पूर्व ७२२ च्या सुमारास अश्शूरच्या साम्राज्याने ज्यूंचे उत्तरेकडचे राज्य बुडविले. दक्षिणेकडचे यहूदाचे राज्य पुढे सव्वाशे वर्षे तगले. मग बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर आला. इ. स. पूर्व ५९७ मध्ये त्याने राजघराणे, कारागीर, पुरोहित असे लोक बाबेलास नेले, आणि ५८६ च्या सुमारास यरुशलेम जाळून तेथले मंदिर जमीनदोस्त केले. आपल्या भाषेत सांगायचे तर देश गेला, देऊळ गेले आणि देवही हरला अशी त्या लोकांची स्थिती झाली. त्या काळी ज्याचा देव हरला त्याची जमात पुसली जात असे. अश्शूरने नेलेल्या उत्तरेकडच्या लोकांचे तसेच झाले.

पुनरागमनाची बहुतेक मोठी भाकिते या काळजी करण्याजोग्या काळातील आहेत. यहेज्केल हा पुरोहित ५९७ च्या टोळीबरोबर बाबेलास गेलेला. त्याला सुकलेल्या हाडांनी भरलेली दरी दिसते, हाडाला हाड जुळते, त्यांवर मांस चढते आणि मेलेले लोक उठून उभे राहतात. ती हाडे म्हणजे आपली आशा संपली म्हणणारे त्याचेच लोक, असा त्या दृष्टान्ताचा अर्थ तो स्वतःच सांगतो. (या यहेज्केलाच्या ग्रंथात बाबेलमधील कैद्यांच्या एका वसाहतीचे नाव तेल-अबीब असे येते. १९०९ साली समुद्रकाठी वसलेल्या नव्या ज्यू शहराला पुढे हेच नाव मिळाले. स्वदेशी परतलेल्यांच्या शहराला परदेशातील छावणीचे नाव, ही गंमत पत्रकवाल्यांच्या ध्यानात नसावी.)

यिर्मया मात्र यरुशलेमातच होता आणि त्याचे बोलणे फार वेगळे होते. बाबेलास नेलेल्या लोकांना त्याने पत्र पाठविले. त्यात तो त्यांना सांगतो की घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा, आणि ज्या शहरात तुम्हांला नेले आहे त्याच्या बऱ्यासाठी झटा, कारण सत्तर वर्षे जाणार आहेत. त्याच वेळी हनन्या नावाचा दुसरा एक संदेष्टा लोकांना दोन वर्षांतच सर्व काही परत मिळेल असे सांगत होता. टाळ्या हनन्याला मिळाल्या असतील यात शंका नाही. ग्रंथात यिर्मया टिकला. वाचकहो, संदेष्ट्यांमध्येही पाठ थोपटणारे आणि कडू औषध पाजणारे असे दोन प्रकार असतात, आणि ते त्या ग्रंथानेच नोंदवून ठेवले आहे.

मग पुढे काय झाले? पुढे लोक परतले. १९४८ साली नव्हे, इ. स. पूर्व ५३८ साली! ५३९ मध्ये इराणचा राजा कोरेश याने बाबेल जिंकले आणि परागंदा झालेल्या लोकांना आपापल्या ठिकाणी जाण्याची मोकळीक दिली. ५१५ च्या आसपास यरुशलेमात दुसरे मंदिर उभे राहिले. म्हणजे यिर्मया ज्या माणसांना पत्र लिहीत होता, यहेज्केल ज्यांच्याशी बोलत होता, त्यांच्या मुला-नातवंडांच्या हयातीत त्या बोलण्याचा निकाल लागलेला होता. सत्तर वर्षांचा हिशेब कोठून धरायचा याविषयी मतभेद आहेत. मंदिर पाडल्यापासून कोरेशाच्या हुकुमापर्यंत मोजले तर जेमतेम पन्नास वर्षे भरतात. पाडलेल्या मंदिरापासून बांधलेल्या मंदिरापर्यंत मोजले तर सत्तर भरतात. पुढे दानीएलाच्या ग्रंथात त्याच सत्तरांचे सत्तर सप्तके, म्हणजे चारशे नव्वद वर्षे करण्यात आली. आकडा तोच ठेवून माप बदलण्याची ही रीत तेव्हापासून आजपर्यंत चालू आहे.

कोरेशाविषयी आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. यशयाच्या ग्रंथाच्या उत्तरार्धात त्याचे नाव घेऊन म्हटले आहे की ज्यूंच्या परमेश्वरानेच त्याचा हात धरून त्याला विजय दिले. यशया तर कोरेशाच्या दीडशे वर्षे आधीचा. मग त्याला नाव कसे कळले? पत्रकवाल्यांना यात चमत्कार दिसतो. अभ्यासकांचे बहुमत असे आहे की ग्रंथाचा हा भाग बंदिवासाच्या अखेरीस, कोरेशाचा दरारा सर्वत्र पसरलेला असताना, दुसऱ्या एका कवीने रचला. पण तेही बाजूला ठेवू. १८७९ साली बाबेलच्या उत्खननात मातीचा एक दंडगोल सापडला. तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यावर कोरेशाच्या बाजूने कोरलेला मजकूर आहे. त्यात म्हटले आहे की बाबेलचा देव मार्दुक याने नीतिमान राजाचा शोध केला, कोरेशाचा हात धरला आणि त्याला बाबेल मिळवून दिले. ज्यूंचे तर त्यात नावही नाही. एकच राजा, एकच विजय, आणि त्याचा हात धरणारे दोन देव! मार्दुकाचे पुरोहित आज हयात असते, तर त्यांनीही आपल्या दारी पत्रके आणली असती आणि पुरावा म्हणून तो दंडगोल दाखविला असता.

आता त्या संदेष्ट्यांवर अन्याय होऊ नये म्हणून दुसरी बाजू सांगतो. ते ज्योतिषी नव्हते. कुंडली मांडून अमुक सालात तमुक होणार असे सांगणे हा त्यांचा धंदा नव्हता. त्यांच्या बोलण्याला बहुधा एक अट जोडलेली असे. योनाची गोष्ट पाहा. चाळीस दिवसांत निनवे नगर नष्ट होणार असे तो जाहीर करतो, लोक आपले वागणे सुधारतात, आणि नगर वाचते. भाकीत खोटे ठरले म्हणून योना रुसून बसतो. ज्याने ही कथा रचली त्याच्या मते भाकीत खोटे ठरणे हीच चांगली गोष्ट होती.

भूमीविषयीही तसेच. यिर्मया मंदिराच्या दारात उभा राहून सांगतो की या इमारतीच्या नावावर विसंबू नका. परक्यावर, पोरक्यावर आणि विधवेवर जुलूम करणार नाही, निरपराधाचे रक्त सांडणार नाही, तरच या जागी तुमचा निभाव लागेल. लेवीयच्या ग्रंथात जमीन कायमची विकू नका असे सांगताना कारण दिले आहे की जमीन देवाची आहे, तुम्ही तिच्यावर उपरे आणि कुळे आहात. ज्याला कूळकायदा ठाऊक आहे त्याने या शब्दाचे वजन ओळखावे. आमोस तर आणखी पुढे जातो. तुम्हांला मिसरातून बाहेर काढले म्हणून तुम्ही कोणी निराळे आहात असे समजू नका, असा त्याच्या बोलण्याचा रोख आहे. पलिष्ट्यांना कफतोरातून आणि अराम्यांना कीरमधून देवानेच आणले, आणि कूशी लोकही त्याला तुमच्यासारखेच. याच आमोसाच्या शेवटच्या ओळींत, लोकांना त्यांच्या भूमीत असे रोवीन की ते पुन्हा उपटले जाणार नाहीत, अशा अर्थाचे आश्वासन आहे. त्या शेवटच्या ओळी पत्रकांत नेहमी असतात. थोड्याच वर असलेली पलिष्ट्यांची ओळ कधी दिसत नाही.

इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने दुसरे मंदिर पाडले. १३२ ते १३५ या काळात बार कोखबा नावाच्या पुढाऱ्याने बंड केले. अकिवासारख्या थोर पंडिताने तोच वचन दिलेला मुक्तिदाता आहे असे मानले. बंड रक्तात बुडाले, यरुशलेमाचे नाव बदलले, ज्यूंना तेथे राहण्याची बंदी झाली. यातून ज्यू पंडित एक धडा शिकले. भाकिताच्या भरवशावर तलवार उपसू नये, जथ्याजथ्याने बळाने भूमीवर चढून जाऊ नये, राज्यांविरुद्ध बंड करू नये, अशा शपथांची चर्चा तालमुदात आली. आशा सोडायची नाही, पण घाईही करायची नाही, असे ते धोरण होते.

तरी आशा ही आशाच! १६६५ साली गाझा येथील नाथान नावाच्या तरुणाने स्मर्नाच्या शब्बताई झेवी यास मुक्तिदाता म्हणून जाहीर केले. अॅमस्टरडॅमपासून येमेनपर्यंत ज्यू वस्त्या हलल्या. लोकांनी घरेदारे विकायला काढली. ग्लिकल या जर्मन ज्यू बाईने आपल्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. त्यात ती सांगते की तिच्या सासऱ्याने कपडेलत्ते, वाटाणे, घेवडे, सुकवलेले मांस असे सामान लाकडी पिंपांत भरून हॅम्बुर्गला पाठवून दिले, कारण तेथून गलबत सुटायचे होते. वर्ष उलटले, मांस सडेल या धास्तीने शेवटी पिंपे उघडावी लागली. तिकडे सप्टेंबर १६६६ मध्ये मुक्तिदाता सुलतानापुढे उभा राहिला आणि त्याने इस्लामचा स्वीकार केला होता. त्या म्हाताऱ्या सासऱ्याला हसू नका. ज्याला राहत्या गावात उद्याची शाश्वती नाही तोच माणूस पिंप भरून ठेवतो.

मग १९४८ साल कसे आले? भाकिताने आले की कारणांनी आले?

कारणे मोजता येतात. १८८१ पासून रशियात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. १८९४ मध्ये फ्रान्समध्ये द्रेफ्यूस या ज्यू लष्करी अधिकाऱ्यावर हेरगिरीचा खोटा आरोप ठेवून त्यास दोषी ठरविण्यात आले. १८९६ मध्ये थिओडोर हर्झल या व्हिएन्नाच्या पत्रकाराने ज्यूंच्या राज्याची कल्पना पुस्तकरूपाने मांडली. हर्झल धार्मिक नव्हता. १८९७ ची पहिली झायनिस्ट परिषद म्युनिकला भरायची होती. तेथील ज्यू समाजाने व धर्मगुरूंनी विरोध केला, म्हणून ती बाझेलला भरली. ज्यांनी आयुष्यभर ती भाकिते पाठ केली त्यांतील पुष्कळांना हा उद्योग पाखंड वाटला. देवाने करावयाचे काम माणसाने हाती घेणे म्हणजे त्या जुन्या शपथा मोडणे, असे त्यांचे म्हणणे. सातमार पंथाचे गुरू योएल टायटेलबाउम यांनी राज्य स्थापन झाल्यानंतरही, १९६१ साली, याच मताचा मोठा ग्रंथ लिहिला. म्हणजे भाकीत पूर्ण झाले असे छातीठोकपणे सांगणारा परका, आणि ज्याच्या पूर्वजांना ते सांगितले तो म्हणतो की हे ते नव्हेच!

परंतु भाकिताचा काहीच वाटा नव्हता असे म्हणणे खरे होणार नाही. १९०३ साली ब्रिटिश सरकारने पूर्व आफ्रिकेत, आजच्या केनियात, ज्यूंना जमीन देऊ केली. त्याच वर्षी रशियाच्या किशिनेव्ह शहरात ज्यूंची कत्तल झाली होती. परिषदेने २९५ विरुद्ध १७८ मतांनी निदान पाहणी तरी करावी असे ठरविले. विरोध कोणी केला? रशियातून आलेल्या प्रतिनिधींनी, आणि त्यांत किशिनेव्हचेही होते. ज्यांच्या घरांवरच्या जखमा ओल्या होत्या त्यांनीच दुसरी भूमी नाकारली. १९०५ मध्ये तो बेत सोडून देण्यात आला. अडीच हजार वर्षे सणावाराला ज्या नगराचे नाव घेतले त्याची ओढ नकाशावरच्या दुसऱ्या ठिपक्याला देता येत नाही.

येथे आपण नीट विचार करावा. भाकितावर विश्वास ठेवून माणसे कामाला लागली आणि ते काम झाले, तर त्यावरून भाकीत करणाऱ्याला पुढचे दिसत होते असे ठरत नाही. बापाने मुलाला लहानपणापासून तू डॉक्टर होणार असे सांगितले आणि मुलगा झटून डॉक्टर झाला, तर बाप त्रिकालज्ञानी ठरत नाही. शब्द हेही एक कारण असते. ते मनात पडते, रुजते, हातपाय हलविते. ब्रिटनमध्येही तसेच घडले. लॉर्ड शाफ्टस्बरीसारखे धार्मिक उमराव १८४० च्या सुमारासच ज्यूंना पॅलेस्टाइनमध्ये नेऊन बसविण्याची खटपट करीत होते, कारण त्यांनी तीच भाकिते वाचली होती. २ नोव्हेंबर १९१७ चे सुप्रसिद्ध पत्र लिहिणारे बाल्फोर आणि त्यांचे पंतप्रधान लॉइड जॉर्ज हे दोघेही लहानपणापासून बायबलवर वाढलेले. अर्थात सुएझचा कालवा आणि चालू महायुद्ध यांचाही हिशेब त्यात होता. निव्वळ पोथीसाठी साम्राज्ये हलत नाहीत.

त्या वेळच्या ब्रिटिश मंत्रिमंडळात एकच ज्यू मंत्री होता आणि त्याने या पत्राला कसून विरोध केला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तो मंत्री म्हणजे एडविन माँटेग्यू, हिंदुस्थानचा कारभारमंत्री. १९१९ च्या माँट-फर्ड सुधारणांतला माँटेग्यू तोच. त्याचे म्हणणे असे की ज्यूंचे राष्ट्र पॅलेस्टाइनमध्ये आहे असे एकदा ठरले, की जगातील प्रत्येक देश आपल्या ज्यू नागरिकाला परका ठरविण्यास मोकळा होईल. तुमचा देश दुसरीकडे आहे, तिकडे जा, हे ऐकण्याची पाळी कोणाकोणावर येते हे आपण जाणताच.

त्यानंतर हिटलर आला. जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधील एव्हियाँ येथे ३२ देशांचे प्रतिनिधी निर्वासितांचा विचार करण्यासाठी जमले, सर्वांनी सहानुभूती दाखविली, आणि जवळजवळ सर्वांनी दारे बंद ठेवली. साठ लाख ज्यू मारले गेले. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी संमत केला. भारताने विरोधात मत दिले होते. जे लोक छळछावण्यांतून उठून त्या किनाऱ्यावर उतरले, त्यांना डोक्यावर छप्पर हवे होते, आणि ते मागण्यासाठी त्यांना यहेज्केलाच्या दाखल्याची गरज नव्हती. माणूस म्हणून जगण्याचा हक्क हाच त्यांचा दाखला. हे कोणी नाकारू नये.

पण तीच कसोटी दुसऱ्यालाही लावावी लागते. ती भूमी रिकामी नव्हती. बाल्फोरच्या पत्राच्या वेळी तेथील दर दहा माणसांत नऊच्या आसपास अरब होते, आणि त्या पत्रात त्यांचा उल्लेख ज्यूंखेरीज इतर समाज असा झाला होता. ज्यांची संख्या नऊ ते इतर! अहद हाआम या ज्यू लेखकाने १८९१ मध्येच तेथे जाऊन लिहिले होते की ही जमीन ओसाड नाही, येथे शेती करणारे लोक आहेत, आणि आपल्यातले काही जण त्यांच्याशी वाईट वागत आहेत. १९४७-४८ च्या लढाईत सुमारे सात लाख अरब बेघर झाले. पुढच्या काळात अरब देशांतील ज्यूंनाही आपली घरे सोडावी लागली; १९५०-५१ मध्ये एकट्या इराकमधून सुमारे सव्वा लाख लोक गेले, आणि ते बाबेलच्या त्या जुन्या बंदिवानांचेच वारस होते. जून १९६७ च्या युद्धानंतर जॉर्डन नदीच्या पश्चिमेचा मुलूख इस्रायलच्या ताब्यात आला आणि १९७४ मध्ये गुश एमुनिम ही चळवळ उभी राहिली. त्या टेकड्या देवाने दिलेल्या आहेत, त्या सोडणे पाप आहे, असे तिचे म्हणणे. येशायाहू लाइबोविट्झ हे कट्टर धर्माचरणी ज्यू प्राध्यापक याच भूमीच्या पूजेला मूर्तिपूजा म्हणत राहिले. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसे मारली गेली आणि त्यानंतर गाझात हजारोंच्या हजारो, त्यांत असंख्य बायका-मुले. भूमी आपल्याला वरूनच मिळालेली आहे असे एकदा मनाशी धरले, की शेजाऱ्याचे मरण हिशेबात धरणे अवघड होऊन बसते. हा रोग एकाच बाजूला आहे असेही नाही.

आणि पत्रकवाल्यांच्या बोलण्यात ज्यूंविषयी जे प्रेम दिसते तेही जरा तपासा. अमेरिकेतील हॅल लिंडसे यांचे 'द लेट ग्रेट प्लॅनेट अर्थ' हे पुस्तक १९७० साली निघाले आणि लाखांनी खपले. १९४८ हे जगाच्या अखेरीचे घड्याळ सुरू झाल्याचे साल, आणि तेथून चाळीसेक वर्षांत सर्व उरकेल, असा त्यातला सूर. १९८८ आले आणि गेले. ते सोडा, पण त्या घड्याळाचा शेवटचा ठोका काय आहे? जखऱ्याच्या ग्रंथाच्या आधारे ते सांगतात की देशातील दोन तृतीयांश लोक मरतील आणि उरलेले ख्रिस्ताला शरण येतील. ज्यांच्या पुनरागमनाचा एवढा आनंद, त्यांच्यापुढे हे ताट वाढून ठेवलेले! माणसाला भाकिताचे प्यादे केले की असे होते.

आता आपल्या मराठी मुलखातली गोष्ट. अलिबाग, पेण, रोहे या भागात बेने इस्राएल शेकडो वर्षे नांदले. नवगावजवळ गलबत फुटून आपले पूर्वज किनाऱ्याला लागले अशी त्यांची परंपरा. तेल गाळण्याचा धंदा, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटले. पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी आडनावे, घरात मराठी, आणि एलियाहू हन्नबीच्या नावाने पोहे, खोबरे, गुळाचा मलिदा. कोकणात त्यांचा कोणी छळ केला नाही. तरीही १९४८ नंतर त्यांतले बहुसंख्य इस्रायलला गेले, कारण त्या भाकितांत आपलेही नाव आहे असा त्यांचा विश्वास होता. तेथे काय झाले? १९५१-५२ मध्ये त्यांच्यापैकी काहींनी भेदभावाविरुद्ध धरणे धरून भारतात परत पाठवा अशी मागणी केली. काहींना पाठविलेही, आणि त्यांतले बरेच पुढे पुन्हा इस्रायलला गेले. १९६२ मध्ये तेथील मुख्य धर्मपीठाने आदेश काढला की बेने इस्राएल व्यक्तीचा इतर ज्यूंशी विवाह लावण्यापूर्वी तिच्या आईची, आजीची, होईल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. रक्त शुद्ध आहे की नाही ते पाहावे! कोकणातले मराठी बोलणारे ते लोक १९६४ च्या उन्हाळ्यात यरुशलेमात धरणे धरून बसले. ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्व बाबतींत ज्यूच आहेत असा ठराव केला, आणि धर्मपीठाला आदेशातून त्यांचे नाव काढावे लागले. त्या जमातीतही गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद पूर्वापार होता, हेही सांगून ठेवले पाहिजे. धरणे मात्र नेमके होते. भाकिताने त्यांना विमानात बसविले, पण लग्नाच्या नोंदणीत माणूस म्हणून उभे राहण्यासाठी त्यांना रस्त्यावर बसावे लागले.

आता पुन्हा यहेज्केलाकडे येऊ, कारण त्याच्या ग्रंथाचा एक तुकडा अजून राहिला आहे. सुकलेल्या हाडांच्या पुढे, अगदी शेवटी शेवटी, परतलेल्या लोकांमध्ये भूमीची वाटणी कशी करायची हे तो सांगतो. तेथे तो म्हणतो की तुमच्यात राहणारे जे परके आहेत, ज्यांना तुमच्यात मुलेबाळे झाली आहेत, त्यांना देशातच जन्मलेल्यांसारखे माना आणि ज्या वंशात ते राहतात त्याच वंशात त्यांना वतनाचा वाटा द्या. पुढच्या वेळी पत्रक घेऊन कोणी दारी आला, तर त्यास आदराने बसवा, पाणी द्या, आणि भाकितांच्या यादीत हे भाकीत कोणत्या पानावर आहे ते विचारा.

लेबनॉनच्या सीमेजवळ, गलिलीच्या डोंगरात, इक्रित नावाचे खेडे होते. रहिवासी अरब, धर्माने ख्रिस्ती. यिर्मया आणि यहेज्केल त्यांच्याही ग्रंथात. नोव्हेंबर १९४८ मध्ये इस्रायली सैन्याने त्यांना गाव सोडायला सांगितले आणि पंधरा दिवसांत परत येता येईल असा शब्द दिला. पंधरा दिवस गेले, दोन वर्षे गेली. गावकरी न्यायालयात गेले. ३१ जुलै १९५१ रोजी इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी नाताळच्या तोंडावर सैन्याने गावातली घरे सुरुंग लावून उडविली; चर्च तेवढे उभे राहिले. पुढे १९७० नंतरच्या काळात त्यांना चर्चमध्ये प्रार्थना करण्याची आणि आपले मृत तेथल्या दफनभूमीत पुरण्याची मोकळीक मिळाली. घर बांधण्याची मिळाली नाही. इक्रितच्या माणसाला आपल्या गावी कायमचे परतता येते ते मेल्यावर.